मधेच सोडता येईल असा स्वयंपाक: तान्हं बाळ घरात असताना खान्देशी कोठीतून रोजचं जेवण

घरात तान्हं बाळ आलं की स्वयंपाकाला वेळ मिळतच नाही असं नाही. मिळतो, पण फुटकळ मिळतो: आत्ता दहा मिनिटं, मग तासाभराने पंधरा. पहिल्या महिन्यात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं यात एकेका खेपेला पाऊण तास सहज जातो. अशा दिवसांत कुठला पदार्थ करावा हे ठरवायला मी एकच कसोटी लावते: मधेच गॅस बंद करून निघून गेलं आणि अर्ध्या तासाने परत आलं, तर तो बिघडतो का? बिघडत असेल तर सध्या तो नको. गरम पुऱ्या, मांडे, पाक धरायच्या वड्या हे सगळं बारशाला दुसऱ्या कुणाच्या तरी हातून होऊ द्या.

या कसोटीवर आपला खान्देशी स्वयंपाक चांगलाच उतरतो. बहुतेक घरांत वर्षाचं सामान भरलेलं असतं. दादर किंवा दुसरी ज्वारी, गहू, तूर आणि उडदाची डाळ, शेंगदाणे, बेसन, काळा मसाला, सुकं खोबरं, लसूण, मूगवड्या, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड, लोणचं. बाजारात न जाता पंधरा दिवस घर चालेल इतकं हे असतं. फक्त कशाचं काय करायचं ते आधी ठरलेलं हवं.

पहिलं बाळंतपण माहेरी असलं तर ओट्यापाशी आई असते. दुसरं बऱ्याचदा सासरी होतं, आणि धुळ्या-जळगावात किंवा नाशिक-पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोघंच असली तर नवराच स्वयंपाक करतो. पुढचं सगळं ओट्यापाशी जो कुणी उभा असेल त्याच्यासाठी आहे. सिझर असो की साधं बाळंतपण, बाळंतिणीने पहिले काही आठवडे तिथे शक्य तितकं कमी उभं राहावं. कुकर उचलणं, कळशी उचलणं तर नकोच.

आधी कोठी उघडून बघा

सगळे डबे एकदा उघडा आणि तीन गट करा. लगेच संपवायचं: ओली मेथी, शेपू, पालक, गिलकी (घोसाळी), वांगी, केळी. आठवडाभर टिकणारं: गंगाफळ (लाल भोपळा), बटाटे, कांदे, कोबी, शेवग्याच्या शेंगा. महिनोन्महिने टिकणारं: धान्य, डाळी, वाळवणं. पहिल्या गटातली पालेभाजी आली त्याच दिवशी निवडून, पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. निवडायला वेळ नसेल तर आणूच नका. बाळाच्या गडबडीत पिशवीतच सडलेली मेथी प्रत्येक घरात सापडते.

शेंगदाणे आणि डाळी पसरून पाहा. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्या. धुऊन किंवा भाजून ते चालत नाहीत, कारण बुरशीचं विष भाजण्याने पूर्ण जात नाही.

एक दळण मात्र आधीच करून आणा, जमलं तर बाळ यायच्या आधी: कळणा. ४ भाग ज्वारी, १ भाग सालासकट अख्खे काळे उडीद आणि बेताचं मीठ एकत्र दळायचं. एका वेळी चार-पाच किलोंपेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात पीठ लवकर जुनं होतं. उडदाच्या चिकटपणामुळे कळण्याची भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. ज्याला साध्या ज्वारीची भाकरी जमत नाही त्यालाही ही जमते, आणि घरात नवराच स्वयंपाक करत असेल तर ही फार कामाची गोष्ट आहे. शिवाय ज्वारीबरोबर उडीद पोटात गेल्याने भाकरीतली प्रथिनंही वाढतात.

तीन आधार

रोज शून्यापासून स्वयंपाक करायचा नाही. फ्रीजमध्ये आणि डब्यात तीन गोष्टी कायम तयार ठेवायच्या. बाकी सगळं त्यांच्यावर उभं राहतं.

पहिला आधार, शिजवलेली डाळ. २ वाट्या तूर डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. हळद, चमचाभर तेल आणि दुपटीहून थोडं जास्त पाणी घालून कुकरला लावा. मीठ, फोडणी काही नको. शिट्टीच्या आवाजाने बाळ दचकत असेल तर वाफ जोरात यायला लागताच गॅस अगदी बारीक करा आणि दहा-बारा मिनिटं तसंच ठेवा, डाळ शिजते. शिट्टीवर फडकं दाबून आवाज बंद करायचा प्रयत्न मात्र कधीच करू नका. शिजलेली डाळ रुंद भांड्यात ओतून लवकर निववा, दोन डब्यांत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवसांत संपवा. लागेल तेवढीच काढायची. एकदा तूप-जिऱ्याचं साधं वरण, एकदा लसणाची फोडणी, एकदा मूठभर चिरलेली मेथी घालून, एकदा गंगाफळाच्या फोडी घालून.

दुसरा आधार, भाजलेलं वाटण. चार मोठे कांदे आणि वाटीभर सुकं खोबरं. कांदे सालासकट गॅसच्या जाळावर काळे होईपर्यंत भाजा, खोबरंही तुकडा धरून जाळावर भाजा. हा जळका वास हाच खान्देशी रश्श्याचा जीव आहे, तेलात परतलेल्या कांद्याला तो येत नाही. कांद्याची साल काढा, दहा-बारा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि कोथिंबिरीच्या काड्या घाला. पाणी न घालता, लागलंच तर चमचाभर तेल टाकून वाटा. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला ठेवलं तर महिनाभर, आणि एका वेळी दोन खडे काढले की दोघा-तिघांचा रस्सा होतो. भाजताना धूर होतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि बाळाची खोली बंद.

या वाटणात मिरची घालायची नाही. का, ते पुढे येईल.

तिसरा आधार, दाण्याचं कूट. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, अर्ध्यांचं कूट करा आणि अर्धे अख्खे ठेवा. सगळ्या तयारीत मधेच सोडून जाता येत नाही असं हे एकच काम आहे. हात थांबला की दाणे करपतात. ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, नाहीतर सरळ भाजलेले दाणे विकत आणा. यात कमीपणा काही नाही.

मोठी वेळ कोणती

दिवसात स्वयंपाकाला एक वेळ मोठी मिळते, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात एकच असते. सकाळी बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, पाजून झोपवलं की ते दिवसातली सगळ्यात गाढ झोप घेतं. दीड तास, कधी दोन. पहिली अर्धा तास झोप बाळंतिणीनेही घ्यावी. ओट्यापाशी दुसरं कुणी असेल तर तिने पूर्ण वेळ झोपावं, हे सांगायला मला जराही संकोच वाटत नाही.

या वेळेत भाकरी करून घ्यायच्या. दिवसभराच्या आठ-दहा एकदम. कळण्याचं पीठ कोमट पाण्यात मळा आणि एका वेळी दोनच भाकरींचं मळा. मधे उठावं लागलं तर मळलेलं फार पडून राहत नाही, कोरडं पीठ तसंच राहतं. भाकरी टोपल्यात सुती फडक्यावर निववून मगच गुंडाळा. गरम गरम झाकल्या तर घाम सुटून चिकट होतात. रात्री तव्यावर थोडं पाणी शिंपडून गरम करायच्या. दुसऱ्या दिवशी उरली तर कुस्करून, कांदा-लसूण-हळदीची फोडणी देऊन, वर कूट घालून नाश्ता होतो.

भाकरी भाजून झाली की गरम तवा वाया घालवू नका. त्याच तव्यावर गिलक्याच्या चकत्या तेल-मीठ लावून परतल्या की दहा मिनिटांत कोरडी भाजी होते.

एक नियम पाळायचाच: बाळाला कडेवर किंवा झोळीत बांधून गॅससमोर उभं राहायचं नाही. फोडणी उडते, कुकरची वाफ येते, बाळाचा हात कुठे जाईल सांगता येत नाही. बाळ हातात असताना कांदे निवडा, पीठ चाळायला सांगा, पण विस्तव नको. आणि लसूण-मिरची चिरून झाली की हात आधी तेलाने पुसा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही, आणि तेच हात बाळाच्या तोंडाशी, डोळ्यांशी जातात.

एक रस्सा, सहा भाज्या

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

कढईत दोन चमचे तेल तापवा. दोन खडे वाटण त्यात तेल सुटेपर्यंत परता. हळद, मीठ, अर्धा चमचा धने पूड आणि चमचाभर कूट घाला. तीन वाट्या गरम पाणी ओता आणि सात-आठ मिनिटं उकळू द्या. हा झाला सौम्य रस्सा. इथपर्यंत आल्यावर बाळ रडलं तर गॅस बंद करा, झाका आणि जा. परत आल्यावर पुन्हा उकळी आणा. उलट तो मुरतो.

आता त्यात काय सोडायचं ते तुमच्या कोठीवर.

डुबुक वडे: वाटीभर बेसनात जिरं, ओवा, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, हळद, मीठ घालून बोटांनी सोडता येईल इतकं घट्ट भिजवा. रस्सा खळखळ उकळत असताना बोरांएवढे वडे सोडा. वर तरंगायला लागले की आच मंद करून सहा-सात मिनिटं शिजवा. एक फोडून पाहा, आत पिवळं कच्चं पीठ दिसता कामा नये. निम्मेच सोडून झाले आणि उठावं लागलं तर उरलेलं भिजवलेलं पीठ झाकून ठेवा. सोडलेले वडे गरम रश्श्यात वाफेवर राहतात, नंतर उकळी दिली की झाले. वडे रस्सा पितात, म्हणून पाणी एरवीपेक्षा वाटीभर जास्त ठेवा.

मूगवड्या: आधी चमचाभर तेलात खरपूस परता, मग रश्श्यात दहा-बारा मिनिटं. घरात भाजी नावाला नसेल त्या दिवसासाठी यासारखं दुसरं काही नाही. बरोबर बटाट्याच्या फोडी टाकल्या की चौघांना पुरते.

शेव: ताटात वाढताना, खायच्या वेळीच रश्श्यात घालायची. आधी घातली की लापशी होते. बाजारची शेव खारट आणि तिखट असते, म्हणून रश्श्यात मीठ कमी. मी शेवभाजी बाळंतिणीच्या ताटात आठवड्याला एकदाच ठेवीन, बाकीच्यांनी हवी तेवढी खावी.

उकडलेली अंडी, शेवग्याच्या शेंगा, किंवा आधी थापून वड्या पाडलेल्या बेसनाच्या पातोड्या, हेही याच रश्श्यात. पातोड्या सकाळी थापून ठेवल्या तर संध्याकाळी पाच मिनिटांचं काम.

आता तिखटाचं. बाळंतिणीची वाटी आधी काढून घ्या. मग छोट्या कढल्यात तेल तापवून त्यात काळा मसाला आणि लाल तिखट घालून ती तर्री उरलेल्या रश्श्यावर ओता. घरातल्या बाकीच्यांना झणझणीत मिळतं, तिला सौम्य. म्हणून वाटणात मिरची नको म्हटलं होतं. आईने तिखट खाल्लं म्हणून बाळाचं पोट दुखतं याला काही पक्का आधार नाही. पण बाळंतपणानंतर बद्धकोष्ठ, टाके, मूळव्याध असं काही असेल तर तिखटाचा त्रास तिलाच होतो. त्रास नसेल तर आपल्या चवीला हळूहळू परत यावं.

फुणके: वाफेवर सोडून द्यायचा पदार्थ

वाफवायच्या पदार्थांना राखण लागत नाही, कुकरात पाणी पुरेसं असलं म्हणजे झालं. १ वाटी तूर डाळ आणि अर्धी वाटी हरभरा डाळ चार-पाच तास भिजवा. रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते. पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटा, पाण्याचा थेंब न घालता. बारीक चिरलेला कांदा किंवा कांद्याची पात, मूठभर मेथी किंवा शेपू, लसूण, जिरं, हळद, मीठ आणि बेताची मिरची. मुठीने दाबून लांबट फुणके वळा, तेल लावलेल्या चाळणीत ठेवा आणि शिट्टी काढलेल्या कुकरात १५ ते २० मिनिटं वाफवा. पाच-दहा मिनिटं जास्त झाली तरी काही होत नाही.

फुणक्यांबरोबर रीत कढीची आहे, पण कढी या दिवसांत सांभाळून. ती ढवळत राहावी लागते, लक्ष गेलं की फुटते. दुसरं कुणी ढवळायला असेल तरच करा. नाहीतर फुणके फोडून वर कच्चं शेंगदाण्याचं तेल किंवा तूप, सोबत ताक. उरलेले कुस्करून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीवर परतले की सकाळचा नाश्ता. डाळीचा पदार्थ असल्याने पोट दीर्घकाळ भरलेलं राहतं, आणि पाजणाऱ्या बाईला दर दोन तासांनी लागणाऱ्या भुकेवर याचा फार उपयोग होतो.

बट्टी दोन टप्प्यांत

वरण-बट्टी म्हटलं की पंगत डोळ्यासमोर येते, पण घरच्या घरी ती दोन दिवसांत विभागून करता येते. ३ वाट्या जाडसर दळलेला गहू, अर्धी वाटी मक्याचं पीठ किंवा रवा, चार चमचे तेल किंवा तुपाचं मोहन, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. घट्ट मळा. हे पीठ तासभर झाकून राहिलं तर बरंच. जाड वळकट्या करून २० ते २५ मिनिटं वाफवा. पूर्ण निवाल्यावर चकत्या कापून डब्यात भरा, फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. खायच्या वेळी चार-चार चकत्या तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी लाल करा. तळायची गरज नाही. पहिल्या आधारातली डाळ काढून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की वरण तयार. वांग्याची घोटलेली भाजी सोबत हवीच असा घरच्यांचा हट्ट असेल तर वांगी त्याच कुकरात डाळीच्या डब्यावर शिजवून, घोटून, वाटणाची फोडणी द्या.

खिचडीला वेगळं शिकवायला नको. तरी प्रमाण सांगते: २ वाट्या तांदूळ, १ वाटी तूर डाळ, मूठभर शेंगदाणे, ६ ते ७ वाट्या पाणी, फोडणीत लसूण-जिरं. सगळं कुकरात. वर कच्चं तेल, सोबत भाजलेला पापड, लोणच्याची फोड. कोणत्याही दिवशी काहीच जमलं नाही तर हे आहेच.

बाळंतिणीच्या ताटात किती आणि काय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज नेहमीपेक्षा सुमारे ६०० किलोकॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. ताटाच्या भाषेत सांगायचं तर एक कळण्याची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे गुळाच्या खड्याबरोबर आणि एक केळं इतकं वाढवलं की साधारण तेवढं होतं. हे एका बैठकीत खायचं नाही, दिवसात विभागून.

केळं म्हटलं की घरात कुणीतरी हात आडवा घालतं. "केळं थंड ऱ्हास, खाऊ नको वं" (केळं थंड असतं, खाऊ नको गं). रावेर-यावल-चोपड्याच्या केळीवर अख्खा देश जगतो, २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि बागाइतदाराच्या घरची बाळंतीण मात्र केळ्याकडे बघत बसते. पिकलेल्या केळ्याने आईला किंवा बाळाला सर्दी होत नाही. एका हाताने सोलून खाता येतं, भांडं लागत नाही, बाळ मांडीवर असताना खाता येतं. या दिवसांत याहून सोयीचं फळ मला तरी माहीत नाही. आजेसासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या, घरात शांतता राहते.

तसंच पालेभाजीचं, डाळीचं, वांग्याचं. आईच्या पोटातला गॅस दुधातून बाळाकडे जात नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळ दरवेळी किरकिरत असेल तर तो तेवढा काही दिवस थांबवून बघा. सगळंच बंद करून वरण-भातावर ठेवलेली बाई आणखी थकते.

पाणी तोडणं हे सगळ्यात चुकीचं. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" म्हणून भर मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असताना, बाळंतिणीला घोटघोट पाणी देणारी घरं अजून आहेत. तहान लागेल तेवढं पाणी प्यावं, पाजायला बसताना शेजारी तांब्या हवाच. आणि बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने फक्त आईचं दूध: घुटी नको, गुळाचं पाणी नको, आणि मध तर वर्षभर नको. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

डिंकाचे, मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल खा. अळीव चमचा-दोन चमचे पाण्यात तीन-चार तास भिजवून, फुगल्यावर दुधात गूळ घालून खीर करा. गूळ गॅस बंद केल्यावर घाला, म्हणजे दूध फाटत नाही. हे पदार्थ पौष्टिक आहेत. पण दूध वाढतं ते बाळाने वारंवार आणि नीट ओढण्यानेच. लाडू खाऊनही दूध कमी वाटत असेल तर लाडू वाढवू नका, पाजण्याची पद्धत आशाताईंना किंवा दवाखान्यात दाखवा. आशाताई दवाखान्यातलं बाळंतपण असलं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लाडू आणि तुपाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

एक चहाचं. आपल्याकडे दिवसभर चहा चालतो. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते, आणि चहा तिचं शोषण अडवतो. म्हणून गोळी आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर. गोळीबरोबर लिंबाचं सरबत किंवा आवळा बरा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, दोन्ही एकदम नाहीत. मी लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर ठेवायला सांगते, कारण तेव्हा चहाची आठवण कुणाला होत नाही.

नंदुरबार आणि धुळे-जळगावच्या आदिवासी भागात अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ही योजना २०१५ पासून आहे. नाव नोंदवलेलं नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा. घरचा एक वेळचा स्वयंपाक तेवढा हलका होतो.

रात्रीचा डबा

रात्री दोन-तीन वाजता पाजताना जी भूक लागते ती दिवसा कधी लागत नाही. त्या वेळी स्वयंपाकघरात जायचं नाही. झोपण्यापूर्वी उशाशी एक झाकणाचा डबा भरून ठेवा: एक-दोन लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, दोन खजूर. थर्मासमध्ये दूध किंवा पातळ अळिवाची खीर ठेवायची असेल तर उकळतं भरा आणि पहाटेपर्यंत संपवा, सकाळी उरलेलं फेकून द्या. पाण्याची बाटली एका हाताने उघडेल अशी. डबाही तसाच, फिरकीच्या झाकणाचा नको.

खान्देशी उन्हाळा आणि फ्रीज

शिजलेलं अन्न एरवी दोन तास बाहेर राहिलं तर चालतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक तास धरा. भात आणि डाळ सगळ्यात आधी आंबतात. भात तर वास न येताही बाधू शकतो. वीज वारंवार जात असेल तर दोन दिवसांची डाळ एकदम शिजवू नका, रोजची रोज शिजवा, आणि वाटणही ट्रेमध्ये न ठेवता दोन दिवसांपुरतंच करा. फ्रीजमधून काढलेलं पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करायचं, आणि एकदा गरम केलेलं परत ठेवायचं नाही. म्हणूनच डाळ दोन छोट्या डब्यांत भरायला सांगितलं.

फोडणी, मिरच्या भाजणं, ठेचा कुटणं हे खिडकी उघडून आणि बाळ दुसऱ्या खोलीत असताना. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर बाळाची आणि आईची जागा चुलीपासून जितकी लांब करता येईल तितकी करा. बाळाला आणि बाळंतिणीला धुरी द्यायची पद्धतही सोडून द्या. तान्ह्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, मग तो ओव्याचा असो की शेणीचा.

भेटायला येणाऱ्यांकडून काय घ्यायचं

पहिल्या महिन्यात माणसं येतच राहतात. प्रत्येकाला चहा, प्रत्येकाला पोहे असं सुरू झालं तर सगळी तयारी त्यातच संपते. चहाचं आधण थर्मासमध्ये भरून ठेवा, वाटीत शेव-शेंगदाणे, बस. पोहे बंद. जवळचं माणूस "येताना काय आणू" असं विचारतंच. तेव्हा "काही नको" म्हणू नका, पेढ्याचे बॉक्स घरात आधीच चार पडलेले असतात. निवडलेली मेथी सांगा, भाजलेले शेंगदाणे सांगा, सोललेला लसूण सांगा. घरी भाकरी थापणाऱ्या मावशी-काकू असतील तर दादरच्या पाच भाकरी आणि वांग्याची घोटलेली भाजी सांगा. त्यांना आनंदच होतो, आणि त्या संध्याकाळी तुमचा तवा चढत नाही. आलेल्या डब्यावर कुणाचा ते पेनाने चिकटपट्टीवर लिहून ठेवा, म्हणजे सव्वा महिन्यानंतर परत करताना स्टीलचे सगळे एकसारखे डबे समोर मांडून आठवत बसावं लागत नाही.